दोन पाकिटे

आमच्या घरी टपालाने येणाऱ्या गोष्टी मोजक्याच. वर्षाकाठी विम्याची एक पावती, श्रावणात आत्याच्या राख्या आणि अधूनमधून बांधाच्या दाव्याची एखादी नोटीस. तात्या, म्हणजे माझे वडील, शेजारच्या गावच्या हायस्कुलात शिपाई आहेत. शाळेचे टपाल आणायचे, पोचवायचे, पाकिटे चिकटवायची, जावक रजिस्टरवर नोंद करून घ्यायची, हे त्यांचे एकवीस वर्षांचे काम. टपाल आमच्या घरी फारसे येत नसले तरी आमच्या घरच्या सायकलवरून ते रोज जात होते, असे म्हणायला हरकत नाही. हे मी मुद्दाम आधी सांगून ठेवते. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

बांधाचा दावा होता तो सख्ख्या काकांशी. सव्वा हात जमिनीवरून. पण आमच्याकडचे दावेसुद्धा आमच्यासारखेच. तारखेच्या दिवशी दोघे भाऊ साडेआठच्या एकाच एस.टी.ने तालुक्याला जायचे, एकाने तिकीट काढायचे, दुसऱ्याने कोर्टाबाहेर चहा पाजायचा, आणि आत गेल्यावर आपापल्या वकिलांच्या मागे उभे राहायचे. संध्याकाळी परत एकाच गाडीने. हसण्यासारखे आहे, पण मी ते डोळ्यांनी पाहिलेले आहे.

२०२३ च्या ऑक्टोबरात तात्यांच्या हाती निवडणुकीच्या कामाचा आदेश पडला. राज्यातल्या २,३५९ ग्रामपंचायतींच्या निवडणुका लागल्या होत्या. मतदान रविवारी, ५ नोव्हेंबरला आणि आमच्याकडची मोजणी दुसऱ्याच दिवशी. त्यांत आमचे गावही होते. तात्यांना मात्र तालुक्याच्या पार दुसऱ्या टोकाच्या गावी मतदान केंद्रावर शिपाई म्हणून नेमलेले. शनिवारी तहसिलीतून साहित्य घेऊन निघायचे, रात्री तिथल्याच शाळेत मुक्काम, आणि रविवारी यंत्रे परत जमा झाली की सुटका. एरवी तात्या अशा कामाला कधी कुरकुरत नसत. या खेपेला मात्र आदेशाचा कागद हातात धरून ते ओसरीवर बराच वेळ बसले. कारण आमच्या वॉर्डातून धाकटी काकी उभी होती.

जागा बाईमाणसासाठी राखीव होती. सरपंचपद आणि वॉर्डातल्या बाकीच्या जागा जाणत्या मंडळींनी देवळात बसून बिनविरोध करून टाकल्या होत्या. लढत उरली ती एवढ्या एकाच जागेची. समोर गावातल्या जुन्या पुढाऱ्याच्या घरची सून. वॉर्डात मते साडेचारशेच्या आत-बाहेर. काकांनी शंभर पानी वहीत सगळी यादी उतरून काढली होती आणि प्रत्येक नावापुढे खूण केली होती. बरोबर, फुली किंवा प्रश्नचिन्ह. गावच्या निवडणुकीत मत म्हणजे काही आकडा नसतो. मत म्हणजे अमक्याची सासू, तमक्याचा पुण्याला असलेला पोरगा. लोकसभेला मत चुकले तर देशाला कळत नाही. ग्रामपंचायतीला चुकले तर उंबऱ्यावर येऊन विचारतात.

“तात्याचं मत बुडालंच म्हणा की,” काका म्हणाले.

तर ते बुडू नये यासाठी कायद्यात सोय होती. जो कर्मचारी निवडणुकीच्या कामावर आहे आणि त्यामुळे स्वतःच्या केंद्रावर जाऊ शकत नाही, त्याला टपाली मतपत्रिका मागता येते. अर्ज करायचा, त्यात मतदार यादीतला आपला अनुक्रमांक लिहायचा, नेमणुकीच्या आदेशाची नक्कल जोडायची. हा अर्ज मी भरला. मी तेव्हा बारावीला होते आणि आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली पहिलीच. त्यामुळे घरातला कुठलाही छापील कागद आपोआप माझ्यापुढे येऊन पडे. खताच्या पिशवीवरचा मजकूरसुद्धा. अर्ज बिनचूक गेला. दुसऱ्या प्रशिक्षणाच्या वेळी तात्यांना मतपत्रिका मिळाली. बाकीच्या बऱ्याच जणांनी ती तिथल्या तिथे भरून पेटीत टाकली म्हणे. तात्या चष्मा घरी विसरले होते. ते सगळा ऐवज प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घरी घेऊन आले.

त्या संध्याकाळी आईने चुलीपुढची जागा सारवल्यासारखी पुसून घेतली आणि मी एकेक वस्तू पाटावर मांडली. एक मतपत्रिका. एक घोषणापत्र, म्हणजे ‘अमुक क्रमांकाची मतपत्रिका ज्याला दिली तो मतदार मीच’ असे लिहून द्यायचा कागद. एक लहान पाकीट. एक मोठे पाकीट, त्यावर निवडणूक निर्णय अधिकाऱ्याचा पत्ता. आणि बारीक टायपात छापलेला सूचनांचा कागद. घोषणापत्रावरची सही राजपत्रित अधिकाऱ्यासमोर करून त्याची साक्ष घ्यायची असते. गुरांच्या दवाखान्यातले मोठे डॉक्टर राजपत्रित असतात, ही माहिती टपाल वाहून वाहून तात्यांना झालेली होती. त्यामुळे दुपारीच तिथे जाऊन, एका म्हशीचा नंबर संपेपर्यंत थांबून, सही, साक्ष आणि शिक्का त्यांनी उरकून आणला होता.

“शिक्का कुठाय मारायचा?” तात्यांनी मतपत्रिका हातात घेऊन विचारले. त्यांच्या डोळ्यांपुढे जुन्या काळची फुलीची मोहोर होती.

“शिक्का नाही तात्या. यावर पेनाने खूण करायची.”

“पेनानं?” त्यांना ते पटले नाही. मग ते म्हणाले, “बरं. मग खाली सही कुठं करू?”

मी जवळजवळ ओरडलेच. मतपत्रिकेवर सही करायची नाही, नाव लिहायचे नाही, कुणाचे मत हे ओळखू येईल असे काहीही करायचे नाही. तसे केले की मत बाद. सूचनेत ते होतेच, पण मी नागरिकशास्त्रात आधीच वाचलेले होते. तात्या म्हणाले, “सही न्हाई तो कागद सरकारी कसला?” एकवीस वर्षे सहीशिवाय कागद न सोडणाऱ्या माणसाचा हा प्रश्न होता. पण त्यांनी ऐकले. त्या क्षणी मला माझा किती अभिमान वाटला, हे आज लिहायलासुद्धा लाज वाटते. आपण नसतो तर तात्यांचे मत वाया गेले असते, असे मी मनाशी म्हटले.

मग तात्या उठले. कंदिलाच्या दिवळीकडे तोंड करून, आमच्याकडे पाठ करून, भिंतीवर कागद ठेवून त्यांनी खूण केली. आजी म्हणाली, “आरं दाव की, कुठं केली ती.” आई नुसतीच बघत होती. तात्यांनी कागदाची घडी घातली, पुन्हा एकदा घातली आणि ती माझ्या हातात दिली. एवढ्यात गोठ्यातून दावे तुटल्याचा आवाज आला आणि ते बाहेर धावले.

मी घडी उलगडली नाही. एवढे तरी माझ्या पदरात आहे.

मी ती लहान पाकिटात घातली. घोषणापत्रावर मतपत्रिकेचा क्रमांक होता, आणि लहान पाकिटावरही तोच क्रमांक. बोर्डाच्या वर्षातली मुलगी मी. पुरवणी मुख्य उत्तरपत्रिकेला बांधायची, सुटी ठेवली तर हरवते, हे अंगवळणी पडलेले. एकाच क्रमांकाच्या गोष्टी एकत्र, आणि सगळ्यांत महत्त्वाचा कागद सगळ्यांत आत. मी घोषणापत्राची घडी घालून तेही लहान पाकिटात सरकवले, डिंक लावला, आणि ते पाकीट मोठ्यात घालून तेही बंद केले. सूचनांचा कागद समोरच होता. त्यातली मतपत्रिकेवरची खूण कशी करायची ती बाजू मी दोनदा वाचली होती. पाकिटांची बाजू वाचायची राहिली, असे म्हणणे खोटे होईल. मला ती वाचायची गरजच वाटली नाही.

तात्या आत आले, त्यांनी सवयीने पाकिटाच्या कडा अंगठ्याने दाबून पाहिल्या. “आतलं जाड लागतंय गं.”

“घोषणापत्र आहे ना आत.”

“हां,” ते म्हणाले. शनिवारी सकाळी साहित्य घ्यायला गेले तेव्हा त्यांनी ते तहसिलीतल्या पेटीत टाकले.

मतदानाच्या दिवसाविषयी लिहिण्यासारखे फार नाही. आजीला जीपमधून नेले, ती बोटाची शाई दाखवत परत आली. मला मत नव्हते. काका दर तासाला वहीत खुणा करत होते, आणि संध्याकाळी साडेपाचला मतदान संपले तेव्हा त्यांचा हिशेब काकीच्या बाजूने अकराचा होता. गावातल्या वह्यांचे हिशेब नेहमी आपल्याच बाजूने असतात.

मोजणी सोमवारी. आत फक्त उमेदवार आणि त्यांचा प्रतिनिधी; आम्ही बाकीचे तहसिलीबाहेरच्या लिंबाखाली. आत काय झाले ते काकांनी नंतर इतक्या वेळा सांगितले की मी तिथेच होते असे मला वाटते. आमच्या वॉर्डाचा पुकारा झाल्यावर आधी टपाली मते घेतली. दोनच होती. एक आमच्या गावात राहणाऱ्या गुरुजींचे, एक तात्यांचे. गुरुजींचे मोठे पाकीट उघडले. आत घोषणापत्र आणि वेगळे बंद लहान पाकीट. सही बघितली, साक्ष बघितली, क्रमांक ताडून पाहिला आणि लहान पाकीट बाजूला ठेवले. मग तात्यांचे उघडले. आत नुसते लहान पाकीट. अधिकाऱ्यांनी मोठे पाकीट उलटे करून झटकले. लहान पाकीट हातात घेतले तर ते जाड. आत काय आहे ते टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला कळले होते. काका म्हणाले, “साहेब, आतच आसंल कागद, फोडून बघा की.” पण घोषणापत्र बाहेर नसेल तर आतले पाकीट फोडायचेच नाही, असा नियम. त्यांनी त्यावर शेरा मारला आणि ते न फोडता ठेवून दिले.

गुरुजींचे मत काकीला होते. मग यंत्र. यंत्रात काकीला २०६, समोरच्या बाईंना २०७. बेरीज केली तर २०७ आणि २०७.

समसमान मते पडली की चिठ्ठी टाकतात. यात गावंढळ असे काही नाही. खुद्द मुंबईत २०१७ च्या महापालिका निवडणुकीत २२० क्रमांकाच्या प्रभागात अतुल शाह आणि सुरेंद्र बागलकर या दोघांनाही ५,९४६ मते पडली होती आणि निकाल चिठ्ठीनेच लागला. आमच्याकडे चहा घेऊन आलेल्या पोराला बोलावले. त्याने हात पुसला आणि डब्यातून चिठ्ठी काढली. ती काकीची नव्हती.

लिंबाखाली गुलाल उडाला तो दुसऱ्या बाजूचा. काका बाहेर आले ते सरळ तात्यांसमोर. तात्या रात्रभर जागे, डोळे लाल, आदल्या रात्री यंत्रे जमा करून तिथेच पथारी टाकून पडलेले. “पाकीट कुणी भरलं?” काकांनी विचारले.

माझ्या तोंडाला कोरड पडली. मी ‘मी’ म्हणणार होते. खरेच म्हणणार होते, असे मी स्वतःला दोन वर्षे सांगत आले.

“म्या भरलं,” तात्या म्हणाले.

काका त्यांच्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, “एकवीस वर्षं शाळेचं टपाल वाहणारा माणूस. तू पाकीट चुकतोस होय?” आणि ते निघून गेले.

मला तेव्हा वाटले, तात्यांनी माझी लाज राखली. तशी ती राखलीच. पण त्या एका वाक्याने काय झाले, ते मला हळूहळू कळत गेले. बारावीच्या पोरीने पाकीट चुकवले असते तर ती चूक होती. तात्यांनी चुकवले म्हणजे ती चूक असूच शकत नव्हती. बांधाचा दावा, सव्वा हात जमीन आणि हे पाकीट यांची सांगड काकांच्या मनात त्याच दिवशी बसली. काकी तर स्पष्टच म्हणाली की मत द्यायचे नव्हते तर नाही म्हणायचे, असा कावा कशाला. पुढच्या तारखेला तात्या साडेआठच्या गाडीने गेले आणि काका सातच्या.

दुसरा फटका गुरुजींना बसला, हे गावात कुणी बोलत नाही. दोन टपाली मतांतले एक बाद झाले आणि एकच उघडले गेले. म्हणजे ते कुणाचे आणि कुणाला, हे सगळ्या तालुक्यासमोर उघड झाले. दोन्ही लहान पाकिटे एकत्र मिसळून फोडली असती तर निदान काही संशयाला जागा राहिली असती. समोरच्या घरचे दूध गुरुजींकडे रतिबाला जात असे. ते दुसऱ्या दिवसापासून बंद झाले. माझ्या एका घडीने एक मत बाद झाले आणि दुसरे उघडे पडले.

पुढच्या वर्षी मी कॉलेजात आले. राज्यशास्त्र घेतले, ते या कारणाने असे मी कुणाला सांगितले नाही. पंचायतींच्या निवडणुका भारत निवडणूक आयोग घेत नाही, त्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने आलेल्या कलम २४३-ट नुसार राज्य निवडणूक आयोग घेतो, एवढे परीक्षेपुरते सगळ्यांनाच येते. मला हवे होते ते दुसरेच. दोन पाकिटे कशाला? एका पाकिटात भागत नाही का?

लोकसभा-विधानसभेचे नियम वाचनालयात मिळाले. १९६१ चे निवडणूक संचालन नियम. त्यात घोषणापत्राचा नमुना १३-अ, आतल्या पाकिटाचा १३-ब, बाहेरच्याचा १३-क. वाचता वाचता माझ्या लक्षात आले की ही सगळी रचना एकाच गोष्टीसाठी आहे. मत देणारा कोण, हे तपासायला तर हवे. आणि त्याने मत कुणाला दिले, हे तपासणाऱ्याला कळता कामा नये. केंद्रावर हे सोपे असते: एका टेबलावर नाव पुकारतात, आणि पुठ्ठ्याच्या आडोशाला मत देतात. टपालात टेबलही नाही आणि आडोसाही नाही. म्हणून ते काम दोन पाकिटे करतात. बाहेरच्या पाकिटात नाव, आतल्यात मत. नाव तपासून झाले की ते बाजूला होते आणि मत बिननावाचे होऊन पुढे जाते. मी नाव आणि मत एकाच पाकिटात कोंडले होते. अधिकाऱ्यांनी ते काकांच्या म्हणण्याप्रमाणे फोडले असते तर तात्यांचे नाव एका हातात आणि तात्यांचे मत दुसऱ्या हातात आले असते. न फोडण्यात आडमुठेपणा नव्हता. त्या खोलीत तात्यांची बाजू राखणारा तेवढा एकच माणूस होता.

आमच्या सरांना मी हे, माझे नाव न घालता, एकदा विचारले. त्यांनी मला इंग्लंडची गोष्ट सांगितली. तिथे १८७२ च्या कायद्यापूर्वी मत चारचौघांत तोंडी सांगावे लागे. जमीनदार समोर उभा असे. गुप्त मतदान आले ते त्यावर उपाय म्हणून. मग २००० साली कायदा बदलून ज्याला हवे त्याला, कारण न सांगता, टपालाने मत देण्याची मुभा मिळाली, नगरपरिषदांच्या निवडणुकांनासुद्धा. तिथेही दोन पाकिटे, ‘ए’ आणि ‘बी’. पण २००४ मध्ये बर्मिंगहॅम शहराच्या निवडणुकीत टपाली मतांचा इतका गैरव्यवहार झाला की २००५ साली रिचर्ड मॉरी नावाच्या न्यायाधीशांनी अ‍ॅस्टन आणि बोर्डेस्ली ग्रीन या दोन प्रभागांच्या निवडणुका रद्द ठरवल्या. नंतर २००६ च्या कायद्याने घोषणापत्रावर सहीबरोबर जन्मतारीखही मागायला सुरुवात झाली, आणि दोन्ही आधीच्या नोंदीशी ताडून पाहतात. पुढे तर पाठवलेले मत सही-तारीख जुळत नाही म्हणून बाद झाले तर मतदाराला मागाहून तसे पत्राने कळवायचीही पद्धत पडली. सर म्हणाले, “टपाली मतातला कच्चा दुवा टपाल नव्हे. घर. मतपत्रिका घरात आली की आडोसा कोण धरणार? नवरा, सासरा, भाऊ, सगळे समोर बसलेले असतात.”

मला कंदिलाची दिवळी आठवली. तात्यांनी पाठ केली होती ती आम्हांला.

इतके दिवस मी, काका, काकी, आजी, सगळेच एक गोष्ट धरून चाललो होतो की त्या पाकिटात एक मत होते आणि त्याने काकी निवडून आली असती किंवा काकांच्या संशयाप्रमाणे आली नसती. पण ती खूण कुणी पाहिलेलीच नाही. आई विचारायची नाही, आजीला सांगितले नाही, आणि मी घडी उलगडली नाही. तात्या दावा हरत चालले होते त्या वर्षी. त्यांनी मत भावजयीला दिले असेल. नसेलही दिले. २०८-२०७ झाले असते किंवा चिठ्ठीचीही वेळ न येता २०७-२०८.

२०२४ ला तात्यांना दोन्ही वेळा कामाचे आदेश आले. पण लोकसभेला आणि विधानसभेलाही कर्मचाऱ्यांनी प्रशिक्षणाच्या ठिकाणच्या सुविधा केंद्रातच मत देऊन पाकीट तिथल्याच पेटीत टाकायचे होते. घरी काही आले नाही. आजी पंच्याऐंशीच्या पुढची, तेव्हा तिला नमुना १२-ड भरून घरबसल्या मत देता आले असते. अधिकारी घरी येऊन घेऊन जातात. ती म्हणाली, “घरात मत दिलं तर शाळेत कोण बघणार मला?” आणि जीपनेच गेली. २० नोव्हेंबरला मी पहिले मत दिले, तिच्या मागे रांगेत उभी राहून. आडोशामागे मी जरा जास्तच वेळ थांबले असेन, कारण मतदान अधिकारी खाकरले.

गेल्या दिवाळीत, पाडव्याला, मी काकांच्या घरी गेले. ते ओसरीवर पणत्यांत तेल घालत होते. मी उभ्या उभ्याच सांगून टाकले. पाकीट मी भरले. डिंक मी लावला. तात्या गोठ्यात होते. पुरवणीचेसुद्धा सांगितले. काकांनी तेलाची वाटी खाली ठेवली. काकी आतून दारात येऊन थांबली होती. मला वाटले होते ते ओरडतील. ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, “मग दोन वरसं बोलली का न्हाईस?”

याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. आजही नाही. हा लेख म्हणजे उत्तर नव्हे.

“आणि मत कुणाला हुतं?”

“मला माहीत नाही, काका. मी बघितलं नाही.”

“तू बघितलं न्हाईस,” ते म्हणाले. मला ते प्रश्नासारखे वाटले, म्हणून मी मान हलवली.

रात्री ते आमच्याकडे आले. दोन वर्षांत पहिल्यांदा. आईने पाट दिला, फराळाचे ताट ठेवले. तात्या बाजेवर होते. हवापाण्याच्या, कांद्याच्या भावाच्या गोष्टी झाल्या. काकांनी करंजी अर्धी मोडली आणि तिच्याकडे बघत विचारले,

“आता सांग. कुणाला दिलं हुतंस?”

आजीने कान टवकारले. आई चुलीपाशी थांबली. तात्यांनी चष्मा काढून धोतराला पुसला आणि परत लावला.

“पाकिटात हाय की,” ते म्हणाले.

काका थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी उरलेली करंजी तोंडात टाकली.

“पुढची तारीख कितीची रं?”

“सतराची.”

“साडेआठचीच धरू मग. सातला लई गर्दी आसती.”